अमेरिकेतली अपार्टमेंट सिंडिकेशन्स: पैसे घालून स्वस्थ बसता येतं का?

प्लॅनोकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

डॅलसजवळ राहतो, आयटीत आहे. ऑफिसमधला एक मित्र (देसी, मराठी नाही) अपार्टमेंट सिंडिकेशनमध्ये (बऱ्याच जणांचे पैसे एकत्र करून कॉम्प्लेक्स घ्यायचं) पैसे घालतो. आता त्याच्या ओळखीचे लोक फोर्टवर्थ भागात एक कॉम्प्लेक्स घेतायत. १९८० च्या दशकातलं बांधकाम, अडीचशेच्या आसपास घरं. किमान गुंतवणूक ५०,००० डॉलर. वर्षाला ८ टक्के प्रेफर्ड रिटर्न (चालवणाऱ्यांच्या आधी आपल्याला मिळायचा वाटा), पाच वर्षांनी विक्री, आणि तोवर पैसे दुप्पट, असं त्यांच्या पीडीएफमध्ये आहे. आपण फक्त वायर करायची. भाडेकरू, नळ, छप्पर, कसलीच कटकट नाही.

४०१के (निवृत्तीची बचत) आणि इंडेक्स फंड चालूच आहेत, म्हटलं काहीतरी वेगळं करू. पण बायको म्हणते, "एवढं चांगलं आहे तर मग आपल्याला कशाला विचारतायत?" मला काही उत्तर सुचलं नाही. इथे कोणी केलंय का हे? धोके नेमके कुठे असतात?

चकली

वहिनींना साष्टांग नमस्कार. धागा इथेच बंद करायला हरकत नाही. (ह. घ्या.)

अर्धवटराव

रुमाल टाकून ठेवतो. मलाही बहुतेक हीच पीडीएफ आलीय. पहिल्या पानावर स्विमिंग पूल आहे का?

प्लॅनोकर

@अर्धवटराव, आहे. ड्रोनने काढलेला फोटो. पाणी एकदम निळंशार.

स्वाती न्यूजर्सी

आम्ही केलंय, दोनदा. दोन्ही टेक्सासमध्ये, दोन्ही एकाच कंपनीबरोबर (नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे).

पहिलं कॉम्प्लेक्स आम्ही पैसे घातल्यावर दीड-दोन वर्षांतच, २०२२ च्या सुरुवातीला विकलं गेलं. नफा घसघशीत. नवरा महिनाभर हवेत होता. त्याआधीच, २०२१ च्या शेवटी, दुसऱ्या डीलमध्ये तितकेच पैसे घातले होते. शहर तेच, माणसं तीच, इमारतसुद्धा साधारण त्याच वयाची.

दुसऱ्यातही सुरुवातीला दर महिन्याला पैसे यायचे. मग ईमेल आली की आता तिमाहीला देऊ. मग, "गंगाजळी मजबूत ठेवण्यासाठी वाटप तूर्तास थांबवत आहोत." त्या ईमेल्सची भाषा इतकी गोड असते की वाईट बातमी तिसऱ्या परिच्छेदापर्यंत कळतच नाही. आधी नव्याने रंगवलेल्या क्लबहाउसचे फोटो, मग भाडेकरूंसाठी ठेवलेल्या पिझ्झा पार्टीचे, आणि त्याखाली कॅपिटल कॉल. म्हणजे प्रत्येकाने मूळ गुंतवणुकीच्या १५ टक्के आणखी भरा. सक्ती नाही, पण जे भरणार नाहीत त्यांचा हिस्सा पातळ होईल.

आम्ही भरले नाहीत. ज्यांनी भरले त्यांचं काय होणार तेही अजून ठरलेलं नाही. मी फोन करून विचारलं, कर्ज कधी संपतंय, व्याज किती भरताय? उत्तर आलं की पुढच्या वेबिनारमध्ये सांगू. वेबिनारमध्ये प्रश्न लिहून पाठवायचे होते, आणि कोणते वाचायचे ते तेच ठरवणार.

पहिल्यात आणि दुसऱ्यात फरक फक्त कर्जाचा आणि तारखेचा होता. इमारत चांगली की वाईट, हे दोन्ही वेळा दुय्यम ठरलं.

हिशोबनीस

स्वातीताई, तुमचं शेवटचं वाक्य धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवं. त्यामागचं गणित मांडतो. आकडे माझे आणि गोल केलेले, पण २०२१ मधलं सर्वसाधारण डील या आकारात बसतं.

किंमत ३ कोटी डॉलर. सगळा खर्च जाऊन भाड्याचं निव्वळ उत्पन्न वर्षाला १२ लाख, म्हणजे किमतीच्या ४ टक्के. याला कॅप रेट म्हणतात. कर्ज ८० टक्के, २ कोटी ४० लाख, तरत्या, म्हणजे बदलत्या, व्याजाचं ब्रिज लोन (थोड्या मुदतीचं कर्ज). वरचे ६० लाख, डागडुजीला २० लाख, फी आणि इतर खर्चाला १० लाख, असे ९० लाख तुमच्याआमच्याकडून गोळा केलेले.

व्याज साडेतीन टक्के असताना वर्षाला ८ लाख ४० हजार जातात. उरले ३ लाख ६० हजार. ९० लाखांवर ते ४ टक्केच होतात! म्हणजे सगळं सुरळीत असतानाही पहिल्या वर्षी ते ८ टक्के इमारतीतून निघतच नाहीत. तरीही ८ टक्के हातात पडत असतील तर ते कुठून येतात? बऱ्याचदा तुमच्याच ९० लाखांमधून बाजूला ठेवलेल्या रकमेतून.

आता मार्च २०२२. फेडचा (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा) दर शून्य ते पाव टक्का. जुलै २०२३ ला तोच सव्वापाच ते साडेपाच. आपलं कर्ज साडेआठ टक्क्यांवर गेलं. व्याज झालं २० लाख ४० हजार. उत्पन्न १२ लाख. यातून वाचायला रेट कॅप विकत घेतलेला असतो, ठरावीक दरापुढचं व्याज तो देणारी बँक भरते. पण त्याची मुदत दोन-तीन वर्षांची, आणि संपला की नवा घ्या अशी कर्ज देणाऱ्याची अट. दर वर गेल्यावर नवा कॅप पूर्वीच्या कित्येक पट महाग. पाऊस सुरू झाल्यावर छत्रीचा भाव विचारण्यासारखं आहे ते.

आणि विक्री? समजा सांभाळणारी माणसं उत्तम आहेत, उत्पन्न १० टक्क्यांनी वाढवून त्यांनी १३ लाख २० हजारांवर नेलं. तोवर बाजारातला कॅप रेट ४ वरून साडेपाच झाला. १३ लाख २० हजार भागिले ०.०५५, उत्तर २ कोटी ४० लाख. बरोबर कर्जाएवढं. काम चोख करूनही ९० लाख गेले. यात कोणी चोरी केली नाही, कोणी झोपाही काढल्या नाहीत.

अर्धवटराव

शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. कॅलक्युलेटरवर करून पाहिलं. खरंच तेवढंच येतंय हो.

सरळमार्गी

हिशोबनीस यांचं गणित बरोबर आहे, पण त्यांनी मुद्दाम सगळ्यात वाईट वेळ निवडली आहे. ८० टक्के तरतं कर्ज आणि ४ टक्के कॅप रेट हे २०२१ चं वेड होतं. त्यावरून अख्ख्या प्रकाराला झोडपणं मला पटत नाही.

मी आजवर सहा-सात ठिकाणी पैसे घातलेत. ओहायो, इंडियाना, थोडं जॉर्जियात. माझे नियम सोपे आहेत. कर्ज स्थिर व्याजाचं, फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या सरकारपुरस्कृत संस्थांचं. किमतीच्या ६५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. मुदत सात ते दहा वर्षं, आणि विक्रीची योजना त्याआधीची. चालवणारा माणूस २००८ च्या आधीपासून धंद्यात असलेला. यातलं एकही डील बुडालेलं नाही. एक रखडलंय, परतावा बँकेच्या सीडीइतकाच (म्हणजे एफडीइतकाच) येतोय, पण मुद्दल शाबूत आहे.

स्वतः भाड्याने घर देण्याचा उद्योगही मी केलाय. रात्री गरम पाण्याचा हीटर फुटल्याचा फोन मी घेतलाय. त्यापेक्षा हे शतपटीने बरं. आणि शेअर बाजारात काय धोके नसतात?

हिशोबनीस

@सरळमार्गी, तुमच्या नियमांशी शंभर टक्के सहमत. गंमत बघा, तुमचे सगळे नियम कर्जाबद्दल आणि माणसाबद्दल आहेत, इमारतीबद्दल एकही नाही. तेच म्हणतोय मी.

शेअर बाजाराबद्दल मात्र असहमत. माझा इंडेक्स फंड ३० टक्के पडला तर मला त्याच दिवशी दिसतं, आणि विकायचं की नाही ते मी ठरवतो. इथे किंमत पडलेली पाच वर्षं दिसतच नाही. दिसली तरी बाहेर पडायला दार नाही. कधी विकायचं, पुन्हा कर्ज काढायचं का, आपल्या पुढे नवा प्रेफर्ड भागीदार आणून बसवायचा का, सगळं जीपी (जनरल पार्टनर, म्हणजे डील चालवणारा) ठरवणार. त्याला काढून टाकायचं तर बऱ्याच करारांत फसवणूक किंवा घोर निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. नुसता बेताचा असणं हे कारण चालत नाही.

चकली

नुसता बेताचा असणं चालत नसतं तर माझ्या मॅनेजरला कधीच काढला असता.

टेक्सासचा तुका

मी उलट्या बाजूने लिहितो. या देशात नवीन आलो तेव्हा अशाच एका कॉम्प्लेक्समध्ये भाड्याने राहत होतो. मालक बदलला की आम्हाला कसं कळायचं, तर आधी बाहेरची पाटी बदलायची. जुनं नाव 'ओक'वरून असायचं, नवीन नाव 'द' लावून काहीतरी. मग सगळं राखाडी रंगवायचे. किचनचा ओटा नवा, कपाटांच्या मुठी नव्या, भाडं महिन्याला २०० डॉलर जास्त. छतावरचा एसी मात्र जुनाच. ऑगस्टमध्ये तो बंद पडला की ऑफिसात तक्रार नोंदवायची आणि वाट बघायची. आम्ही चार देसी घरं एकदम सोडून गेलो. त्यांच्या पीडीएफमध्ये याला 'व्हॅल्यू ॲड' म्हणतात हे मला नंतर कळलं.

आता टेक्सासबद्दल दोन गोष्टी, धागाकर्त्यांसाठी. राज्याचा आयकर नाही म्हणून इथे प्रॉपर्टी टॅक्स जबर. राहत्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढू देत नाहीत, ते संरक्षण एवढ्या मोठ्या अपार्टमेंटला नाही. खरेदीनंतर मूल्यांकन वाढलं की उत्पन्नातला मोठा घास तिथेच जातो. पीडीएफमध्ये जुन्या मालकाचा कर धरलाय की नवा, हे विचारा. दुसरं, विमा. डॅलस-फोर्टवर्थ म्हणजे गारपिटीचा पट्टा, आणि फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात पाइप फुटून काय झालं ते इथल्या सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतरच्या वर्षांत विम्याचे हप्ते कुठल्या कुठे गेले. १९८० चं छप्पर असेल तर आणखी.

एक फुकटची माहिती: टेक्सासमध्ये जप्तीचे लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतात आणि नोटीस निदान २१ दिवस आधी काउंटीत जाहीर लावावी लागते. पैसे आधीच अडकलेले असतील तर जीपीच्या ईमेलची वाट बघू नका, काउंटीच्या साइटवर कॉम्प्लेक्सचं नाव शोधा. ह्यूस्टनमध्ये एप्रिल २०२३ ला ॲपल्सवे कंपनीची चार कॉम्प्लेक्स, तीन हजारांवर घरं, अशीच कर्ज देणाऱ्याच्या ताब्यात गेली.

आबा कोथरूडकर

इकडे पुण्यात बसून वाचतोय. मला यातलं निम्मं कळलं नाही, पण उरलेलं निम्मं ओळखीचं वाटलं. नव्वदच्या दशकात इथे सागवानाच्या योजना होत्या. तुम्ही पैसे द्या, आम्ही झाडं लावतो, तुम्ही घरी बसा, वीस वर्षांनी लाकूड विकून मालामाल. पेपरात पानभर जाहिराती. आमच्या बँकेतल्या निम्म्या स्टाफने घेतली होती झाडं. झाडं कुठे आहेत हे बघायला एकही जण गेला नाही. पुढे १९९९ मध्ये सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम आणले, तोवर बऱ्याच कंपन्यांचा पत्ताही सापडेना.

तिथे या लोकांवर सेबीसारखं कोणी नाही का?

मुक्ता

@आबा, आहे. एसईसी. पण इथे तिचं काम लोकांना वाटतं तसं नसतं. मी कंप्लायन्समध्ये काम करते म्हणून थोडं सविस्तर लिहिते. (हा कायदेशीर सल्ला नव्हे, इ. इ.)

ही सिंडिकेशन्स 'रेग्युलेशन डी' या सवलतीखाली विकली जातात. तिथे एसईसी कागदपत्रं तपासून मंजुरी देत नाही. पहिल्या विक्रीनंतर १५ दिवसांत फॉर्म डी नावाची सूचना भरायची, संपलं. "आम्ही एसईसीकडे नोंदणीकृत आहोत" असं कोणी सांगितलं आणि दाखवायला फक्त फॉर्म डी असेल, तर तिथेच सावध व्हा. पण तो फॉर्म एडगारवर (एसईसीच्या साइटवर) सगळ्यांना फुकट बघता येतो, जरूर बघा. किती पैसे उभे करतायत आणि कोण कोण सामील आहे ते त्यात असतं.

यात दोन मुख्य वाटा. ५०६ (बी) मध्ये जाहिरात करायला बंदी. ज्यांच्याशी आधीपासून खरी ओळख आहे त्यांनाच विचारायचं. त्यात अक्रेडिटेड नसलेले ३५ पर्यंत लोक चालतात. ५०६ (सी) मध्ये उघड जाहिरात चालते, २०१२ च्या जॉब्स ॲक्टनंतर २०१३ पासून, पण मग प्रत्येक जण अक्रेडिटेड हवा आणि तसं तपासायला हवं. अक्रेडिटेड म्हणजे एकट्याचं उत्पन्न २ लाख किंवा जोडीचं ३ लाख डॉलर, सलग दोन वर्षं, किंवा राहतं घर सोडून, कर्ज वजा जाता, १० लाखांची मालमत्ता. डॅलस-बे एरियातल्या आयटीवाल्या जोडप्यांना हे सहज लागू होतं. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही 'जाणकार' ठरता, पगाराच्या जोरावर.

आता आपल्या लोकांत काय होतं? डील ५०६ (बी) चं असतं आणि ते फिरतं मंडळाच्या दोनशे-तीनशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, गणपतीच्या आरतीनंतर, मुलांच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये. तिथे 'आधीपासून खरी ओळख' कुठून आली? हा नियम जो पहिल्याच पायरीवर मोडतो, तो तुमच्या पैशांचा हिशेब किती काटेकोर ठेवेल याचा विचार करा.

आणि प्लॅनोकर, एक खासगी प्रश्न जाहीरपणे विचारते. तुमच्या मित्राला यात काय मिळतंय? 'को-जीपी' म्हणून त्याला हिस्सा असेल, आणि त्याचं काम फक्त ओळखीतून पैसे आणणं असेल, तर तो परवान्याशिवाय दलाली करतोय असं धरलं जाऊ शकतं. तो एच-१बी वर असेल तर आणखी एक घोटाळा. एलपी (फक्त पैसे घालणारा भागीदार) म्हणून निव्वळ पैसे गुंतवायला एच-१बी वर हरकत नाही, पण असं काम करून मोबदला घेणं व्हिसात बसत नाही. मी अशी दोन-तीन मुलं पाहिलीत जी हे अजिबात माहीत नसताना लिंक्डइनवर 'जनरल पार्टनर' लिहून फिरत होती.

प्लॅनोकर

@मुक्ता, बाप रे. मित्र एच-१बी वरच आहे. त्याला विचारतो. तो म्हणाला होता, "मला थोडा हिस्सा मिळतो पण तो तुझ्या पैशातून नाही."

चकली

मग काय झाडावरून पडतो? आबा, सागवान सापडलं बघा!

आबा कोथरूडकर

हा हा. अवांतर: आता इकडेही हा प्रकार आलाय, ऑफिसच्या इमारतींचे तुकडे करून विकतात. पण सेबीने मार्च २०२४ मध्ये त्याला एसएम रीटच्या नियमात बसवलं (रीट म्हणजे भाड्याच्या इमारतींत पैसे घालणारा फंड, एसएम म्हणजे लहान-मध्यम). किमान १० लाख रुपये, मालमत्ता ५० ते ५०० कोटींची, २०० तरी गुंतवणूकदार, आणि ९५ टक्के पैसे बांधून पूर्ण झालेल्या, भाडं देणाऱ्या इमारतींतच घालायचे. युनिट शेअर बाजारात नोंदलेलं, म्हणजे निदान विकायची सोय तरी. माझा मुलगा म्हणतो की त्यापेक्षा सरळ मोठा रीट घ्या, एम्बसीचा २०१९ पासून आहे. मी अजून एफडीवरच आहे, तो विषय वेगळा.

सरळमार्गी

रीटच्या मुद्द्यावर आबांना अनुमोदन. कटकट नको एवढंच हवं असेल तर अमेरिकेतही नोंदलेले रीट आहेतच. सिंडिकेशनकडे लोक येतात ते मुख्यतः करासाठी. घसाऱ्याचा मोठा तोटा के-वन वर (भागीदाराला मिळणाऱ्या कराच्या फॉर्मवर) येतो, तो कुठल्याच रीटमध्ये मिळत नाही.

केवनपीडित

माझं नाव घेतल्याशिवाय राहवलं नाही ना?

करासाठी येतात खरं, पण तो तोटा वापरता कुठे येतो? १९८६ च्या करसुधारणेपासून पॅसिव्ह (स्वतः न राबता झालेला) तोटा पॅसिव्ह उत्पन्नातूनच वजा होतो. तुमच्या नोकरीच्या (डब्ल्यू-टू) पगारातून एक डॉलरही नाही. अपवाद म्हणजे नवराबायकोपैकी एक जण 'रिअल इस्टेट प्रोफेशनल' ठरला तर. त्यासाठी वर्षाला ७५० तासांहून जास्त आणि आपल्या एकूण कामाच्या निम्म्याहून अधिक वेळ त्याच धंद्यात हवा, आणि वर एलपी म्हणून केलेल्या गुंतवणुकीला तो लावणं हे वेगळंच युद्ध. पूर्णवेळ कोडिंग करून हे जमत नाही. पण वेबिनारमध्ये स्लाइड अशी असते की जणू पुढच्या एप्रिलमध्ये आयआरएस (करखातं) तुम्हाला चेक पाठवणार.

तोटा वाया जात नाही, पुढे ओढत राहतो, विक्रीच्या वेळी कामी येतो. मात्र तो आधीच दुसऱ्या पॅसिव्ह उत्पन्नातून वापरून टाकला असेल आणि नंतर इमारत जप्त झाली, तर? जप्ती ही कराच्या नजरेत विक्रीच असते. अशा कर्जात (जिथे कर्ज देणाऱ्याचा हक्क फक्त इमारतीवर असतो) विक्रीची रक्कम म्हणून उरलेलं सगळं कर्ज धरतात. घसारा काढून काढून तुमची खरेदी किंमत कागदावर खाली आलेली असते. म्हणजे हातात शून्य पैसे आणि के-वन वर नफा. हा प्रकार माझ्या साडूच्या बाबतीत झालाय, त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

बाकी रोजचा जाच किरकोळ. के-वन १५ एप्रिलपर्यंत कधीच येत नाही, दरवर्षी एक्स्टेन्शन. इमारत दुसऱ्या राज्यात असेल तर त्या राज्याचं रिटर्न वेगळं. आमच्या सीपीएने (करसल्लागाराने) प्रत्येक के-वनमागे फी वाढवलीय.

गोदाकाठ

जप्ती, दर वगैरे सगळं ठीक. सरळ फसवणुकीचं काय? इमारत आहे की नाही तेच माहीत नसेल तर?

मुक्ता

@गोदाकाठ, तसंही झालंय, आणि तेही नावाजलेल्या ऑनलाइन मंचावरून. नाइटिंगेल प्रॉपर्टीज या कंपनीने २०२२ मध्ये क्राउडस्ट्रीटवरून अटलांटा फायनान्शियल सेंटरसाठी ५ कोटी डॉलरहून जास्त उभे केले. खरेदी झालीच नाही, आणि पैसे वेगळ्या खात्यात सुरक्षित पडून राहायला हवे होते ते राहिले नाहीत. मायामी बीचच्या दुसऱ्या एका इमारतीचे धरून ६ कोटींच्या पुढे, आठशेहून जास्त लोकांचे. कंपनीच्या प्रमुखाने २०२५ मध्ये गुन्हा कबूल केला आणि त्याला ८७ महिन्यांची शिक्षा झाली.

यातून घेण्यासारखी गोष्ट एकच. पैसे कुणाच्या खात्यात वायर करताय? जीपीच्या कंपनीच्या की तटस्थ एस्क्रोच्या (व्यवहार होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिऱ्हाइताच्या)? व्यवहार पुरा होईपर्यंत त्यातून पैसे काढायला कुणाची सही लागते? हे पीपीएममध्ये (गुंतवणुकीच्या माहितीपत्रकात) सापडायला हवं. पीपीएम दीडशे पानांची असते, माहीत आहे. ५०,००० डॉलरमागे दीडशे पानं काही फार नाहीत.

अर्धवटराव

मी ती पीडीएफ उघडली. पान ६२ ला "पूर्ण रक्कम गमावण्याची शक्यता आहे" असं ठळक अक्षरात लिहिलंय. पान ३ ला "सातत्यपूर्ण उत्पन्न".

स्वाती न्यूजर्सी

आमच्यातही होतं ते. सगळ्यांत असतं. वकिलाने लिहिलेली पानं आणि मार्केटिंगने लिहिलेली पानं एकाच फाइलमध्ये.

प्लॅनोकर

मंडळी, आभार. मधले काही दिवस गायब होतो कारण तुमचे प्रश्न घेऊन त्यांच्याशी बोलत होतो. झूमवर जीपी स्वतः आले, माणूस सभ्य वाटला. उत्तरं अशी:

कर्ज ७५ टक्के, तरतं व्याज, तीन वर्षं आणि वर एकेक वर्षाची दोन एक्स्टेन्शन्स. रेट कॅप दोन वर्षांचा. प्रॉपर्टी टॅक्स सध्याचाच धरलाय, "आम्ही अपील करतो आणि जिंकतो." विक्रीचा कॅप रेट खरेदीपेक्षा पाव टक्का कमी. पैसे थेट त्यांच्या एलएलसीच्या (कंपनीच्या) खात्यात. स्वतःचे किती घालताय म्हटल्यावर म्हणाले, साडेचार लाख, "आमचाही जीव यात अडकलाय." मित्राने हिश्श्याबद्दल बोलायचं टाळलं.

हिशोबनीस

अधिग्रहण फी किती आहे?

प्लॅनोकर

दीड टक्का. किंमत ३ कोटींच्या आसपास.

हिशोबनीस

म्हणजे साडेचार लाख.

चकली

अर्धवटराव, पॉपकॉर्न पाठवा.

हिशोबनीस

गंभीरपणे सांगतो. फी घेऊन ती परत डीलमध्ये घालणं बेकायदा नाही, बरेच जण करतात, उघडपणे लिहितातही. पण मग त्यांच्या खिशातून काहीच गेलेलं नाही. डील बुडालं तर त्यांचं नुकसान म्हणजे न मिळालेली फी. तुमचं नुकसान म्हणजे पगारातून कर भरून साठवलेले ५०,०००. शिवाय मालमत्ता व्यवस्थापनाची फी दर महिन्याला चालू राहते, वाटप बंद असलं तरी. एक्स्टेन्शन मिळायच्या अटीही विचारा. उत्पन्न कर्जाच्या हप्त्यांच्या अमुक पट नसेल तर ते मिळतच नाही, आणि ज्या वर्षी त्याची खरी गरज पडते त्याच वर्षी नेमकं ते प्रमाण बसत नाही.

सरळमार्गी

माझ्याकडूनही स्पष्ट 'नको'. यात मी एक डॉलर घालणार नाही. दोन वर्षांचा कॅप आणि पाच वर्षांची योजना, मधल्या तीन वर्षांचं काय? विक्रीचा कॅप रेट खरेदीपेक्षा कमी, म्हणजे किंमत चढीच, धरणाऱ्याशी पुढचं बोलायचंच नाही. आता कोणी म्हणू नका की मी सिंडिकेशनचा प्रचारक आहे.

टेक्सासचा तुका

आणि "अपील करतो आणि जिंकतो" असं माझा शेजारीसुद्धा दरवर्षी म्हणतो.

गोदाकाठ

माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे, नवा धागा काढायला आळस. आमचे २०२२ पासून एका डीलमध्ये पैसे आहेत, डील बरं चाललंय. पण ग्रीन कार्डच्या रांगेला कंटाळून पुढच्या वर्षी नाशिकला परत जायचं ठरतंय. एलपीचा हिस्सा विकून टाकता येतो का? तसाच ठेवला तर काय?

केवनपीडित

@गोदाकाठ, विकायला जीपीची परवानगी लागते आणि घेणारा तुम्हालाच शोधावा लागतो. मिळाला तरी पडत्या भावात. बहुतेकांना तो तसाच ठेवावा लागतो.

ठेवलात तर तीन गोष्टी. तुमच्याकडे ग्रीन कार्ड नाही, म्हणजे परत गेल्यावर तुम्ही करासाठी अनिवासी परदेशी ठरता. मग तुमच्या वाट्याच्या करपात्र नफ्यावर भागीदारीला आधीच कर कापून भरावा लागतो, व्यक्तींसाठी सर्वोच्च दराने, सध्या ३७ टक्के. जास्तीचा १०४०-एनआर (अनिवासींचं रिटर्न) भरून परत मागायचा. विक्रीच्या वर्षी हे जोरात लागतं. दुसरं, जीपीला तुमचं बदललेलं स्टेटस लेखी कळवा आणि डब्ल्यू-नाइन (निवासींचा फॉर्म) ऐवजी डब्ल्यू-एट (परदेशींचा) द्या. लहान जीपींना हे प्रकरण कधी हाताळलेलंच नसतं, त्यांचा सीपीए कोण ते आत्ताच विचारून ठेवा. तिसरं, भारतात आरएनओआर (परतलेल्यांचा मधला कर-दर्जा) असेपर्यंत, साधारण पहिली दोन-तीन वर्षं, हे परदेशी उत्पन्न तिथे करपात्र नसतं. त्यानंतर असतं, आणि रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेची यादी) भरावं लागतं. तुमचं डील त्या खिडकीच्या आत विकलं जाणार की बाहेर, ते अर्थात तुम्ही नाही ठरवणार.

अमेरिकेतलं बँक खातं बंद करू नका. वाटप नाशिकच्या खात्यात पाठवायला ते तयार होतीलच असं नाही.

गोदाकाठ

धन्यवाद. उद्याच ईमेल टाकतो जीपीला. डब्ल्यू-एट मधला नेमका कुठला, बेन का?

केवनपीडित

व्यक्तीच्या नावावर असेल तर बेन. एलएलसीतून घातले असतील तर आधी ती एलएलसी कुणाच्या नावावर आहे ते सांगा, व्यक्तिगत निरोप करा.